फी माफ झाली, मेसचं काय?

ताई, दादा, बारावीचा निकाल लागला की तुम्ही लेकराला घेऊन कॉलेजच्या ऑफिसात येता. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दाखले. टेबलापाशी आल्यावर पहिला प्रश्न एकच असतो, ‘फी किती?’ शिष्यवृत्तीच्या टेबलामागे माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. ‘हिनं राहायचं कुठं आणि जेवायचं काय?’ असं विचारणारे आईबाप मला फार थोडे भेटले. आज त्याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

एक मुलगी मला विसरता येत नाही. घरची दोन एकर कोरडवाहू. फी माफ झाली म्हणून सगळं घर निर्धास्त होतं. दिवाळीनंतर ती रोज यायची आणि खिडकीतून हळूच विचारायची, ‘मॅडम, भत्त्याचे पैसे कधी येतील?’ चौथ्या दिवशी मी तिला आत बसवलं. तिनं मेस एक वेळची केली होती, संध्याकाळी बिस्किटाचा पुडा. घरी फोनवर सांगायची, मेस चांगली आहे. बापानं आधीच उचल घेतलीय हे तिला ठाऊक होतं. भत्त्याचे पैसे आले ते वर्ष सरत आल्यावर.

खेड्यातल्या पोराचं शिक्षण अडतं ते पुष्कळदा अशा ठिकाणी. ही गोष्ट जुन्या माणसांनी नेमकी ओळखली होती. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. शाळा होत्या, पण गावाकडच्या पोरानं शहरात पाठ टेकायची कुठं? त्या पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तुमची मान खाली जाते ना, तेव्हा मला त्या माउलीची आठवण होते. ही भीक नाही हो. तुमच्या लेकरासाठी कुणीतरी आधीच सोसून ठेवलंय.

आता कामाचं बोलू. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातल्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, इंजिनिअरिंग-फार्मसीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश सरकारी कॅप राऊंडमधून झालेला हवा. इथंच घात होतो. पहिल्या फेरीत नंबर लागला नाही की जीव घाबरतो, कुणीतरी ‘सीट जाईल’ म्हणतं, आणि आपण मॅनेजमेंट कोट्यातून पैसे भरून मोकळे होतो. मग ती सवलत त्या वर्षापुरतीच नाही, सगळ्या वर्षांची हातची जाते. कृपा करून पुढच्या फेरीपर्यंत धीर धरा.

राहण्या-जेवणासाठीच्या योजना वेगळ्या, आणि त्यांचा अर्जही वेगळा. सामाजिक न्याय विभागाची आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत, राहणं-जेवण मोफत. प्रवेश गुणांवर, म्हणून अर्ज वेळेत. तिथं जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना ‘स्वाधार’, आदिवासी मुलांना ‘स्वयंम’, ओबीसी मुलांना ‘ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार’. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता. ‘स्वाधार’मध्ये पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. शिवाय पुण्यात विद्यार्थी सहायक समितीसारख्या संस्था आहेत. ती १९५५ पासून खेड्यातल्या मुलामुलींना कमी खर्चात ठेवून घेते. अशा ठिकाणी पोरगं स्वतःचं ताट स्वतः घासायला शिकतं, तेही मला मोलाचं वाटतं.

पण हे सारे पैसे मागाहून येतात, आणि मेसवाला पहिल्याच तारखेला मागतो. म्हणून मी प्रत्येक आईबापाला सांगते: फीसाठी जो पैसा बाजूला ठेवला असेल, त्यातला निदान सहा महिन्यांच्या मेसचा पैसा हलवू नका. सोयाबीन विकलं, शेळी विकली, पतसंस्थेतून काढले, काहीही असो, तो पैसा पोराच्या ताटाचा. माफ झालेली फी पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, असे शासनाचे आदेश आहेत. तरी कुणी मागितली तर ‘लेखी द्या’ म्हणायला कचरू नका.

कागदांचं मात्र अकरावीतच मनावर घ्या. जात वैधता प्रमाणपत्राला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखला शोधण्यात एकेक उन्हाळा जातो. उत्पन्नाचा दाखला त्या-त्या आर्थिक वर्षाचा लागतो, म्हणजे एप्रिलनंतर पुन्हा तहसीलची पायरी आहेच. आधार, दाखला आणि बँकेचं पासबुक या तिन्हींवर नाव अक्षरन्‌अक्षर सारखं आहे का, ते स्वतः बघा. ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ एवढ्या फरकानं अर्ज परत आलेले मी पाहिलेत. खातं आधारशी जोडलेलं हवं, नाहीतर मंजूर पैसेही वाटेतच अडकतात. आणि अर्ज दरवर्षी करायचा असतो. पहिल्या वर्षी धावपळ करणारं घर दुसऱ्या वर्षी हे विसरतं.

अजून एक, जरा नाजूक. घरच्या पैशांचं पोरांपासून लपवू नका. किती आहेत, किती उसने आणलेत, कधी फेडायचेत, हे त्यांना मोकळेपणानं सांगा. लपवलं की तीही लपवतात. ती मुलगी एक वेळ उपाशी राहिली, कारण त्या घरात दोन्ही बाजूंनी एकमेकांना जपणं चाललं होतं. तिच्या वडिलांना मी फोन केला तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘मी रोज विचारायचो हो, अभ्यास झाला का.’

दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला त्यांनी लेकीला फोन लावला आणि विचारलं, आज मेसला भाजी कोणती होती.