मिसिंग येतंय? आधी डिपस्टिक ओढा

सावद्याहून केळी भरून मुंबईला निघालो होतो. सकाळी स्टार्टला पांढरा धूर आणि मिसिंग. गरम झाल्यावर इंजिन सरळ चाललं. पण एरंडोलच्या पुढे लोडवर पिकअप पडला, खटखट सुरू झाली. रस्त्यावरच्या मिस्त्रीने कान देऊन सांगितलं, "नोझल टपकतंय भाऊ. मुंबई करून या, मग काढू."

पारोळ्याला सपाट जागा बघून गाडी लावली, इंजिन बंद करून ऑइल खाली उतरू दिलं आणि डिपस्टिक ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर, पातळ, डिझेलचा वास. (दुधाळ असतं तर पाणी शिरलंय असं धरायचं.) ऑइल कमी झालं की आपण घाबरतो, वाढलं तर कोणी मनावर घेत नाही. टपकलेलं डिझेल लायनरवरचं ऑइल धुऊन काढतं आणि रिंगांवरून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतं. पातळ ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत. पिस्टनच्या डोक्यावर डिझेल जळत राहिलं तर त्याला भोक पडतं. पुढे धुळ्यानंतर लळिंग, मग चांदवडच्या अलीकडे राहुड घाट. भरल्या गाडीने ते चढ चढायचे नव्हते.

शेठना फोन केला. माल पिकेल ही त्यांची काळजी खरीच होती. पण केळी दुसऱ्या गाडीत भरता येतात, आणि तशी भरली. माझी गाडी टोचन करून धुळ्याला पंपवाल्याकडे नेली. टेस्ट बेंचवर एक नोझल गळताना स्पष्ट दिसलं.

जुन्या पंपाच्या गाड्यांवर आपण एकेका पाइपाचा नट सैल करून कोणता सिलिंडर मेलाय ते ओळखायचो. कॉमन रेलवर चालू इंजिनला हे कधीही करू नका. तिथे दाब 1600 बारच्याही वर जातो. डिझेलची धार कातडीत घुसते, जखम सुई टोचल्याएवढी दिसते, आणि उशीर केला तर हात कापावा लागू शकतो. तसं झालंच तर दुखत नसलं तरी थेट मोठ्या हॉस्पिटलात जा.

2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत काळ्या धुराची वाट बघू नका, तो सायलेन्सरमधला फिल्टर अडवतो. गाडी रिजनरेशन वारंवार मागायला लागली तर नोझलचा संशय घ्या. नवीन नोझल बसवताना खालचा तांब्याचा वायसर नवाच टाका, नोझलवरचा कोड मशीन लावून ईसीएममध्ये भरून घ्या, आणि ऑइल-फिल्टर बदलल्याशिवाय इंजिन चालू करू देऊ नका.