सातबारा कोरा, माती मात्र नाही

सुरतेच्या उधना-लिंबायत पट्ट्यात खान्देशातून आलेली हजारो कुटुंबं राहतात. दिवस लूमवर नाहीतर डाइंग मिलमध्ये जातो, पण गावाकडची शेती डोक्यातून जात नाही. आमच्यातल्या काही कृषी पदवीधरांनी म्हणूनच ठरवलं, की शहराच्या कडेला जमीन घेऊन चारा, भाजीपाला आणि ज्वारीच्या वाणांचे चाचणी प्लॉट लावायचे. सुरतेला हे नवं नाही. इथलं कापूस संशोधन केंद्र 1896 सालचं. व्यापारी लागवडीसाठी आलेला जगातला पहिला संकरित कापूस, एच-4, डॉ. सी. टी. पटेल यांनी 1970 मध्ये इथूनच दिला.

आम्हाला भाडेपट्ट्याने मिळू घातलेली जमीन खाडीकाठची होती, औद्योगिक वसाहतीपासून फार लांब नव्हती. सातबारावर शेती, फेरफार सरळ, बोजा नाही, झोनच्या दाखल्यावर शेती विभाग. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. प्रत्येकाने नवा कागद मागितला. मातीबद्दल एकानेही विचारलं नाही.

शंका आली ती शेतावर. खाडीकडचा कोपरा शेजारच्या बांधापेक्षा गुडघाभर उंच होता. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी तिथे पाणी साचून होतं आणि त्या भागात गवतही धड उगवलेलं नव्हतं. शेजारचे वयस्क खेडूत म्हणाले, "भाऊ, रात्रीचे डंपर यायचे इथे. मिलचा गाळ टाकला आणि वरून काळी माती ओढली."

तिथलंच एक वाळलेलं ढेकूळ घेऊन काचेच्या ग्लासात, पावसाच्या पाण्यात, न हलवता ठेवलं. थोड्या वेळात त्याच्या भोवती दुधासारखा गढूळ ढग पसरला. दुसऱ्या टोकाचं ढेकूळ फुटलं, पण पाणी नितळ राहिलं. डाइंगच्या सांडपाण्यात सोडा आणि मीठ भरपूर असतं. त्यातलं सोडियम चिकणमातीचे कण सुटे करतं, छिद्रं बुजतात आणि पाणी मुरत नाही. ही चाचणी फक्त सोडियमची खूण देते, धातूंबद्दल काही सांगत नाही. म्हणून नमुने प्रयोगशाळेत पाठवले. भरावाच्या कोपऱ्यात क्रोमियम निघालं. पेरणीचा हंगाम हातचा गेला आणि आम्ही ती जमीन सोडली. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, म्हणून हे लिहितो आहे.

मुळात एक गोष्ट नीट समजून घ्या. शहराच्या हद्दीत महानगरपालिका आणि हद्दीबाहेर सुरत नागरी विकास प्राधिकरण (सुडा) जो झोन सांगते, तो 1976 च्या गुजरात नगररचना कायद्याखालच्या विकास आराखड्यातला असतो. त्या जमिनीचा वापर कशासाठी करता येईल, एवढंच त्यातून कळतं. जमिनीत काय पुरलं आहे, हे त्याला माहीत नसतं. 6 जानेवारी 2022 च्या पहाटे सुरतेच्या सचिन औद्योगिक वसाहतीजवळ (जीआयडीसी) टँकरमधून नाल्यात बेकायदा रसायन सोडलं गेलं आणि विषारी वायूने सहा कामगारांचा जीव घेतला. ही घटना जीव गेल्यामुळे जगाला कळली. ज्या रात्री कुणी मरत नाही, त्या रात्रींची नोंद कुठल्या सातबारावर होणार?

मृद आरोग्य पत्रिका आहे ना, असं कुणी म्हणेल. त्या पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं, कॅडमियम, क्रोमियम त्यात नाहीत. पत्रिका पिकाच्या पोषणासाठी आहे, विषासाठी नाही.

नमुना घेण्याची पद्धतही इथे बदलावी लागते. नेहमी आपण नागमोडी चालत ठिकठिकाणची माती घेतो आणि एकत्र करून अर्धा किलो पाठवतो. दूषित जमिनीत तसं केलं, की वाईट कोपरा चांगल्या मातीत मिसळून अहवाल साफ येतो. भराव, खाडीकाठ, बांधाकडेचा भाग यांचे नमुने वेगळे ठेवा. वरची वीतभर माती आणि तिच्याखालचा थर वेगळा घ्या, कारण गाळावर चांगली माती ओढलेली असू शकते. जस्ताचा मुलामा असलेलं फावडं वापरू नका. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत एकूण क्रोमियम आणि हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असे दोन आकडे स्वतंत्र मागा. आपल्या काळ्या, अल्कधर्मी जमिनीत शिसं, जस्त बऱ्यापैकी धरून राहतं. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम मात्र पाण्याबरोबर चालतं. म्हणून विहिरीचं किंवा बोअरचं पाणीही तपासा.

आम्हाला एकाने सुचवलं होतं, की संशोधन आहे तर वापर संस्थात्मक किंवा औद्योगिक दाखवा, काम लवकर होईल. हा सल्ला कधीही मानू नका. मातीची मर्यादा वापरानुसार बदलते. कॅनडाच्या मार्गदर्शक मर्यादांनुसार किलोभर शेतमातीत शिसं 70 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, औद्योगिक जमिनीत 600 पर्यंत. कॅडमियम शेतीला 1.4, उद्योगाला 22. कारखान्याच्या मापाने पास झालेल्या मातीत पालक लावला, तर तो पालक कुणाच्या तरी ताटात जाणार आहे. पालेभाज्या कॅडमियम सहज उचलतात. चारा गुरांच्या पोटात जातो आणि तिथून घरात येतो.

दूषित जमिनीवर संशोधन करूच नये, असं माझं म्हणणं नाही. मोहरी, वाळा अशी झाडं धातू किती शोषतात, हे अशाच जमिनीवर तपासावं लागतं. पण मग अर्जात तसंच स्पष्ट लिहा: खाण्याचं पीक नाही, चारा नाही, कुंपण असेल, कापलेलं पीक खतात किंवा चुलीत जाणार नाही, त्याची विल्हेवाट घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे होईल. शेती विभागात नुसती पेरणी करायला विकास परवानगी लागत नाही. प्रयोगशाळेची खोली किंवा पक्की भिंत बांधायची तर लागते. शिवाय 1948 च्या कूळ कायद्याच्या कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन भाडेपट्ट्यानेही घेता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. हे दोन्ही आधी विचारून घ्या.

आणि माती खराब निघाली, तर जमीन सोडून गप्प बसू नका. 24 जुलै 2025 रोजी केंद्राने दूषित स्थळांचे नियम अधिसूचित केले आहेत. संशयित स्थळं शोधून कळवण्याची जबाबदारी स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनावर आहे, त्यानंतर राज्य प्रदूषण मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आहे आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा आहे. आम्ही अहवालाची प्रत, नकाशा आणि भरावाचे फोटो लेखी अर्जासोबत दिले आणि पोच घेतली. तळोजा असो, तारापूर असो की डोंबिवली, कारखान्याशेजारी जमीन घेणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगेन: इसार देण्याआधी माती तपासा आणि अहवाल समाधानकारक नसेल तर इसार परत, अशी अट करारात घाला. वाईट अहवाल घरात दाबून ठेवू नका. आपण सोडलेली जमीन उद्या दुसरा कुणीतरी घेणार आहे आणि त्याच्याही हातात तोच कोरा सातबारा पडणार आहे.