सात दिवस थांबलेली छावणी : साथीच्या काळात तरुण संघाचा सराव
(तरुण संघ व मंडळीतील अभ्यासगटांसाठी)

शास्त्रवाचन : गणना १२:१–१६, लेवीय १३:१–६, मत्तय ४:५–७, १ करिंथ १०:२३–२४



तरुण संघाच्या मागच्या सभेत जो प्रश्न निघाला, तो इतर मंडळ्यांतही कधी ना कधी निघणार आहे, म्हणून या अंकातील अभ्यास त्यावरच घेत आहे. प्रश्न साधा होता. पाड्यावर गोवराचे रुग्ण निघाले आहेत आणि कबड्डीचे सामने तीन आठवड्यांवर आले आहेत. मग रोज संध्याकाळचा सराव चालू ठेवायचा की थांबवायचा? सभेत लगेच दोन तट पडले. एका बाजूने स्तोत्र ९१ पुढे केले, की ज्याचा आश्रय परात्पर देव आहे त्याला मरीचे भय कशाला? दुसऱ्या बाजूने १ तीमथ्य ४:८ काढले, की शारीरिक कसरतीचा लाभ थोडाच आहे, मग खेळासाठी एवढा आग्रह कशाला? दोघांनीही पवित्र शास्त्रच उघडले होते. माझ्या मते दोघांनीही ते जरा घाईने मिटले.

आधी खेळाबद्दल. पौलाने त्या वचनात कसरतीचा लाभ थोडा म्हटला आहे, शून्य म्हटलेला नाही. आणि आपल्या भागात तो थोडा लाभ किती मोठा आहे, हे शहरात राहणाऱ्या देणगीदार बंधुभगिनींना कदाचित दिसत नसेल. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आली, तेव्हापासून आदिवासी पाड्यावरची मुलगी धावते याचे कुणाला हसू येत नाही. पोलीस भरतीला मुलांसाठी सोळाशे मीटर आणि मुलींसाठी आठशे मीटरची दौड असते, शिवाय गोळाफेक. वयाची मर्यादा ठरलेली. ज्या घरात दिवाळीनंतर सगळे ऊसतोडीला गुजरातकडे निघून जातात, त्या घरातल्या मुलासाठी ही दौड म्हणजे करमणूक नव्हे. संध्याकाळी मैदानावर असलेला मुलगा मोहाच्या दारूच्या अड्ड्यावर नसतो, हेही आपण सर्व जाणतो. म्हणून ‘खेळ काय, बंद करून टाका’ असे ज्यांना सहज म्हणता येते, त्यांनी थोडे थांबावे.

आता गणनाचा बारावा अध्याय. मिर्याम व अहरोन मोशेविरुद्ध बोलले आणि मिर्यामेच्या अंगावर कोड उठले. मोशेने तिच्यासाठी प्रार्थना केली. तरीही तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवण्यात आले. या अध्यायावर प्रवचने पुष्कळ होतात, पण बहुतेक मोशेच्या नम्रतेवर. पंधरावे वचन आपण भरभर वाचून जातो. तिथे लिहिले आहे की मिर्यामेला परत आत आणीपर्यंत लोकांनी कूच केले नाही. विचार करा, एवढा मोठा लोकसमुदाय, गुरेढोरे, तंबू, पुढे वचनदत्त देश, आणि सगळे हसेरोथ येथे एका स्त्रीसाठी थांबून राहिले. ती बाहेर होती, पण मागे सोडलेली नव्हती.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मिर्यामेचा आजार त्या प्रसंगी शिक्षा म्हणून आला होता. त्यावरून ज्याच्या घरी गोवर निघाला त्याच्या घरी पाप झाले, असा अर्थ कुणी काढू नये. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता आणि प्रभूने तो साफ नाकारला (योहान ९:१–३). आपल्या पाड्यांवर अजूनही गोवर-कांजिण्या म्हणजे देवीचा कोप असे समजून मूल लपवतात, औषध देत नाहीत. मंडळीतल्या लोकांनी त्याच समजुतीला ‘पापाची शिक्षा’ असे नवे नाव दिले, तर मूल तसेच लपवले जाईल आणि साथ तशीच पसरेल.

लेवीय १३ मध्ये तर पद्धतच घालून दिली आहे. अंगावर डाग दिसला की याजकाने पाहावे, शंका असेल तर सात दिवस वेगळे ठेवावे, सातव्या दिवशी पुन्हा पाहावे, तरीही खात्री नसेल तर आणखी सात दिवस. म्हणजे पाहणे, थांबणे आणि पुन्हा पाहणे. घाबरून कायमचे हाकलणे नाही, आणि ‘काही होत नाही’ म्हणून लगेच मिसळणेही नाही. प्रभु येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले तेव्हा त्यांना याजकांकडे जाऊन दाखवायला सांगितले (लूक १७:१४). तपासणाऱ्या माणसाचे काम त्याने रद्द केले नाही. आज आपल्या पाड्यावर ते काम उपकेंद्राच्या नर्सताई आणि आशाताई करतात.

गोवर कसा पसरतो, हे आता पाहू, कारण या प्रश्नाचे उत्तर आजारागणिक बदलते. अंगावर पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून आणि पुरळ आल्यावर चार दिवसांपर्यंत रुग्ण दुसऱ्याला आजार देऊ शकतो. म्हणजे ज्या मुलाला नुसता ताप, सर्दी आणि लाल डोळे आहेत, ज्याला अजून गोवर म्हणून कुणी ओळखलेलेही नाही, तो मैदानावर येऊन गेलेला असतो. बंद खोलीत रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत विषाणू राहू शकतो. ज्यांना लस मिळालेली नाही आणि आधी गोवर झालेला नाही, अशा लोकांत एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजारी करू शकतो. आता कबड्डी डोळ्यांपुढे आणा. चढाई करणारा एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत सात जणांच्या तोंडावर श्वास सोडतो आणि ते सात जण त्याला मिठी मारून खाली पाडतात. गोवराला याहून सोयीचा खेळ शोधून सापडणार नाही.

सभेतला एक तरुण म्हणाला, “आम्ही धडधाकट आहोत, आम्हाला काय होणार?” बहुधा खरे आहे. अठरा वर्षांच्या मुलाला लहानपणी लस मिळाली असेल किंवा गोवर होऊन गेला असेल, तर त्याला काही होणार नाही. पण मैदानाच्या कडेला कोण बसते ते पाहा. बहीण कडेवर सहा महिन्यांचे बाळ घेऊन सामना पाहायला येते. गोवराच्या लशीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. त्या बाळाला अजून काहीच मिळालेले नाही. शेजारी तीन वर्षांचे मूल आहे. आईबाप ऊसतोडीला गेले तेव्हा त्याचा दुसरा डोस राहून गेला, आणि ते कुपोषितही आहे. कुपोषित मुलाला गोवर झाला की न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, कधी डोळे जातात, कधी जीवही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला, तसेच भिवंडी आणि मालेगावला गोवराची साथ आली, तेव्हा दाट वस्तीतली लस राहून गेलेली लहान मुलेच तिच्या तडाख्यात सापडली.

म्हणून १ करिंथ १० मधला पौलाचा विचार इथे नेमका बसतो. मोकळीक आहे का, हा पहिला प्रश्न आहे, पण तो शेवटचा नाही. आपल्या मोकळिकीची किंमत दुसरा कुणी देणार आहे का, हेही विचारावे लागते. मैदानावर दम खेळाडू घेतो, पण किंमत कडेवरचे बाळ देते.

आणि धडधाकटपणाचा भरवसाही फार धरू नये. १९१९ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीत बर्फावरील हॉकीच्या स्टॅन्ले चषकाचा अंतिम सामना सिएटल येथे रद्द करावा लागला, कारण माँट्रियल संघाचे खेळाडू अंथरुणाला खिळले होते. त्यांतील जो हॉल हा खेळाडू काही दिवसांत दगावला. गोवर आणि ती साथ एकसारखी नाही, पण मजबूत शरीर म्हणजे लस नव्हे एवढे त्यावरून कळते.

आता स्तोत्र ९१. या स्तोत्राचा आधार देऊन कुणी कुणाला धोक्यात उडी घ्यायला सांगितले, हे मत्तय ४ मध्ये आहे. मंदिराच्या शिखरावर उभे करून सैतानाने हेच स्तोत्र म्हणून दाखवले. प्रभूने त्या अभिवचनावर अविश्वास दाखवला नाही, पण परमेश्वराची परीक्षा पाहायची नाही असे सांगून तो तिथेच उभा राहिला. तरुणांनी हा संवाद सावकाश वाचावा. ‘प्रभु राखील’ हे आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्याने म्हणावे. चषकासाठी मैदानात उतरणाऱ्याने ते म्हणताना दहा वेळा विचार करावा.

१५२७ मध्ये विटेनबर्ग शहरात प्लेग आला तेव्हा मार्टिन लूथर शहर सोडून गेला नाही. प्राणघातक साथीपासून पळून जावे का, या प्रश्नाला उत्तर म्हणून त्याने पत्र लिहिले, त्याचा आशय असा : मी औषध घेईन, हवा शुद्ध करीन, जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही, म्हणजे माझ्यामुळे कुणाला बाधा व्हायची नाही, पण शेजाऱ्याला माझी गरज असेल तिथे मात्र मागे राहणार नाही. आपल्याकडे १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करतानाच गेल्या. जाणे आणि न जाणे, दोन्ही प्रेमातून होऊ शकते. तिथे आपली गरज कुणाला आहे, एवढे पाहायचे.

सभेत शेवटी जे ठरले ते सांगतो. कबड्डीचा एकत्र सराव थांबवायचा आणि शेवटच्या रुग्णाला पुरळ आल्यापासून तीन आठवडे नवीन रुग्ण निघाला नाही, तर नर्सताईंना विचारून पुन्हा सुरू करायचा. (लागण झाल्यापासून पुरळ येईपर्यंत साधारण चौदा दिवस जातात, कधी एकवीसही, म्हणून तीन आठवडे.) दुसऱ्या गावच्या सामन्यांना संघ जाणार नाही, कारण आपण आजार घेऊन जाऊ शकतो. भरतीची तयारी करणाऱ्यांनी दौड सोडायची नाही, मात्र ज्याने त्याने एकट्याने पहाटे रस्त्यावर धावायचे, आणि घरात ताप-पुरळ असेल तर घरीच दोरीउड्या मारायच्या. संघातील पोरांनी घरोघर फिरून पाच वर्षांखालच्या मुलांची लसीची कार्डे पाहायची आणि ज्यांचे डोस राहिले त्यांची यादी आशाताईंना द्यायची. संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत लस मिळाली तर पुष्कळदा आजार टळतो, म्हणून हे काम लगेच. आजारी मुलांना आरोग्य केंद्रात ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठ दोन दिवस मिळतात, तेही घरी सांगायचे. कार्डे पाहण्याचे हे काम तरुणांनी सामन्याइतक्याच चुरशीने केले. सामन्याची भरलेली प्रवेश फी मात्र गेली, आणि कर्णधार दोन दिवस कुणाशी बोलला नाही. त्याचे त्या संघातले ते शेवटचे वर्ष होते. त्याचे दुःख खोटे नव्हते आणि आम्ही त्याला उपदेशही केला नाही.

सगळ्या आजारांना एकच नियम लावू नये. डेंग्यू किंवा मलेरिया असेल तर खेळाडू एकमेकांना आजार देत नाहीत, डास देतात. तिथे मैदान बंद करण्यापेक्षा मैदानाशेजारचे डबके बुजवा. डोळे आले असतील तर एकच टॉवेल सर्वांनी वापरू नये आणि डोळे आलेल्याने घरी राहावे. कावीळ किंवा हगवण असेल तर पाण्याची एकच कळशी आणि एकच पेला, हा खरा धोका. खरूज असेल तर कबड्डी नको, धावणे चालेल.

बंद ठेवण्याचीही किंमत असते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग सरसकट सुरू व्हायला ४ ऑक्टोबर २०२१ उजाडला. त्या दीड वर्षात मैदानावरून गेलेल्या मुलींपैकी कित्येक परत आल्या नाहीत. कुणी ऊसतोडीला गेली, कुणाचे लग्न झाले. मुलगा परत येतो, मुलीला परत आणावे लागते. म्हणून थांबवतानाच पुन्हा सुरू करण्याची अट ठरवावी, आणि मधल्या काळात प्रत्येक मुलीच्या घरी कुणीतरी जात राहावे. मिर्यामेसाठी छावणी थांबली होती, हे इथे आठवावे.

आता थोडे कडू. ज्या आठवड्यात आपण मैदान बंद करतो, त्याच रविवारी कुडाच्या लहानशा प्रार्थनागृहात दारे लावून शंभर माणसे दोन तास बसवली, तर तरुण आपल्याला काय म्हणतील? गोवर मोकळ्या मैदानापेक्षा बंद खोलीत अधिक सहज पसरतो. साथ असेपर्यंत उपासना झाडाखाली घ्यावी, तान्ह्या बाळांच्या आयांनी घरीच प्रार्थना करावी आणि पाळकांनी त्यांच्या दारापर्यंत जावे. शिबिर, संमेलन पुढे ढकलावे. मैदानाला एक माप आणि मंडपाला दुसरे, असे चालणार नाही.

देणगीदारांना एक विनंती. जर्सी आणि चषकासाठी पैसे पाठवणाऱ्यांना सामन्याचा फोटो हवा असतो, ते स्वाभाविक आहे. पण एखाद्या तिमाहीत फोटो आला नाही आणि त्याऐवजी लस मिळालेल्या बाळांची संख्या आली, तर तीही त्याच संघाची कामगिरी समजावी.

गटचर्चेसाठी : आपल्या पाड्यावर लस न मिळालेली मुले कोणत्या घरांत आहेत, हे आपल्या तरुण संघाला माहीत आहे काय? १ करिंथ ९:२५ मधील खेळाडूचा संयम आहारविहारापुरताच आहे की सामना सोडून देण्यातही तो लागतो? साथ आली तर सराव थांबवण्याचा आणि पुन्हा सुरू करण्याचा निर्णय आपल्याकडे कोण घेईल, आणि त्या चर्चेत मुलींपैकी कुणी बसेल का?