चाकोरीबाहेर जाताना

१. प्रस्तावना

उन्हाळ्याची सुटी लागली की शहरातील तरुणांना डोंगरांची ओढ लागते. दिल्ली परिसरातील अनेक जण मित्रमैत्रिणींसह दमदमा तलावाकडे जातात, तंबू ठोकून राहतात आणि सायकल, मोटारसायकल किंवा जीप घेऊन अरवलीच्या कच्च्या वाटांवर फिरतात. अशा सहलीचा आनंद कोणता आणि तिची मर्यादा कोणती, याचा विचार या वैचारिक लेखात केला आहे.

२. उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• लेखातील मुख्य विचार स्वतःच्या शब्दांत सांगता येईल;
• चाकामुळे माती व पाणी यांवर होणारा परिणाम स्पष्ट करता येईल;
• ‘चाकोरी’ या शब्दाचा वाच्यार्थ व लक्ष्यार्थ ओळखता येईल.

३. मूळ पाठ

बैलगाडीच्या चाकांनी मातीत पडलेली खोल रेघ म्हणजे चाकोरी. रोजच्या ठरावीक जगण्यालाही आपण चाकोरीच म्हणतो आणि चाकोरीबाहेर जाणाऱ्याचे कौतुक करतो. महानगरातील तरुणाला तर हे बाहेर पडणे हवेच असते. गुरुग्राम जिल्ह्यात सोहन्याजवळ असलेला दमदमा तलाव त्यासाठी सोयीचा. मे महिन्यात तेथे दुपारी लू वाहते, पारा ४० अंशांपलीकडे जातो. म्हणून वाटांवरची भ्रमंती पहाटेच उरकावी लागते. दगडगोट्यांतून सायकल सांभाळत चढणे, मागे राहिलेल्या सोबत्यासाठी थांबणे, एका बाटलीतले पाणी वाटून पिणे, या गोष्टी वर्गात बसून शिकता येत नाहीत.

परंतु ज्या डोंगरावर आपण चाक नेतो, तो कसा आहे? अरवली ही जगातील अतिप्राचीन पर्वतरांगांपैकी एक. गुजरातेतून निघून सुमारे ७०० किलोमीटर अंतर कापत ती दिल्लीत पोहोचते. तिच्या उतारांवर मातीचा थर पातळ असतो आणि खाली भेगाळलेला खडक. पावसाचे पाणी या भेगांतून मुरते व भूजलाला मिळते.

उन्हाळ्यात गवत वाळते, झाडांची पाने गळतात. उतार ओसाड दिसतो, तेव्हा येथून जीप कोठूनही नेली तर काय बिघडले, असे वाटते. पण चाकाखाली माती दाबली जाते, तिच्यातील पोकळ्या नाहीशा होतात. त्याच रेघेवरून दुसरे, तिसरे वाहन जाते. जूनअखेर पाऊस येतो, तेव्हा पाणी मुरण्याऐवजी त्या रेघेतून धावते आणि माती वाहून नेते. उन्हाळ्यातील चाकोरी पावसाळ्यात ओहोळ होते.

अरवलीने याहून मोठे घाव सोसले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली फरीदाबाद, गुडगाव (आताचे गुरुग्राम) व मेवात या जिल्ह्यांतील अरवलीत खाणकाम थांबवले. गुरुग्राममध्ये जुन्या खाणींच्या जागी २०१० पासून नागरिकांनी स्थानिक झाडे लावली आणि अरवली जैवविविधता उद्यान उभे राहिले.

फरीदाबाद जिल्ह्यातील मांगर बनीला मात्र असे नव्याने उभे राहावे लागले नाही. ही आपल्या कोकणातील देवराईसारखीच राखलेली वनभूमी. गुदडिया दास बाबांवरील श्रद्धेपोटी गावकरी येथील फांदीही तोडत नाहीत. येथे मुख्यतः ‘धौ’ हा वृक्ष आढळतो. सह्याद्रीतील धावड्याचा हा भाऊबंद. गुरे खात राहिली, तर धौ जमिनीलगत सरपटत पसरतो; अभय मिळाले की ताठ वाढून वृक्ष होतो.

म्हणून सहली बंद कराव्यात असे नाही. आधी पडलेल्या वाटेवरूनच चाक न्यावे. परवानगीवाचून राखीव वनात शिरू नये. वाळल्या गवताजवळ शेकोटी पेटवू नये. देवराईच्या वेशीवर वाहन ठेवून पुढे पायी जावे. मनाने खुशाल चाकोरीबाहेर जावे. चाकाने मात्र चाकोरीतच राहावे.

४. शब्दार्थ

लू – उन्हाळ्यातील उष्ण, कोरडा वारा
ओहोळ – लहान प्रवाह
अभय – भयापासून मुक्ती, संरक्षण
भाऊबंद – (येथे) एकाच कुळातील

५. पाठगत प्रश्न

१. अरवलीत पाणी कसे मुरते?
२. ‘उन्हाळ्यातील चाकोरी पावसाळ्यात ओहोळ होते,’ असे का म्हटले आहे?
३. धौ वृक्षाच्या वाढीतून कोणता बोध होतो?

६. स्वाध्याय

१. शेवटच्या दोन वाक्यांत ‘चाकोरी’ हा शब्द कोणत्या दोन अर्थांनी आला आहे, ते स्पष्ट करा.
२. तुमच्या परिसरातील टेकडीवर मित्रांसह सहल काढायची आहे. पाळावयाचे पाच नियम लिहा व प्रत्येकाचे कारण द्या.