तासानंतरची वही

चंडीगडच्या हवाई तळावरून लेहच्या दिशेने जाणारी मालवाहू विमाने इथल्या कॅडेटना नवीन नाहीत. उड्डाणाआधी वैमानिकांचे ब्रीफिंग होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. परत आल्यावर डिब्रीफिंगही होते, तिकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. काय ठरले होते, प्रत्यक्षात काय झाले, फरक कुठे पडला, हे बोलून झाल्याशिवाय काम पुरे झाले असे धरत नाहीत.

शाळेत यांतला पहिला भाग आपण चोख सांभाळतो. महाराष्ट्रात शिकलेल्या प्रत्येक शिक्षकाला टाचणवही माहीत आहे. घटक, उपघटक, उद्दिष्टे, साधने, फळ्यावर काय लिहायचे, कोणते प्रश्न विचारायचे. हे सगळे तासाच्या आधीचे. मग चाळीस मिनिटे संपतात, घंटा होते, डस्टर उचलून आपण पुढच्या वर्गात जातो आणि झालेल्या तासाबद्दल कुठेच एक ओळही उरत नाही. फार तर चहाच्या वेळी ‘आठवी ब आज फार दंगा करत होती’ एवढे बोलणे होते. राहून गेलेल्या त्या एका ओळीविषयी हा लेख आहे.

अध्यापक महाविद्यालयांत अशा वहीला चिंतनवही म्हणतात. २०१४ च्या राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले, शाळेतली उमेदवारी वीस आठवड्यांची झाली आणि त्या काळात आपले अनुभव, निरीक्षणे व विचार लिहून ठेवणे अभ्यासक्रमात आले. नोकरीतल्या शिक्षकांसाठी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. सीबीएसईच्या शाळांतही हा ५० तासांचा हिशेब असतो. हे तास बहुतेक वेळा व्याख्याने, कार्यशाळा आणि ऑनलाइन पाठ यांत जातात. त्यांचा उपयोग होतोच, पण कार्यशाळेतल्या तज्ज्ञाला आपला वर्ग दिसलेला नसतो. तो रोज पाहणारा माणूस एकच.

चिंतनवहीची दुसरी बाजूही सांगायला हवी. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या चिंतनवह्या ज्यांनी चाळल्या असतील त्यांना हसू आल्याशिवाय राहणार नाही. ‘आजचा पाठ समाधानकारक झाला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. पुढील वेळी अधिक साधने वापरेन.’ ही तीन वाक्ये भूगोलाला चालतात, गणिताला चालतात, शारीरिक शिक्षणालाही चालतात. जी नोंद कुठल्याही तासाला लागू पडते, ती कुठल्याच तासाची नसते.

मग लिहायचे काय? छात्रसेनेच्या नकाशावाचनाचा तास घेऊ. विषय बॅक बेअरिंग, म्हणजे आपण ज्या दिशेने पाहतो तिची नेमकी उलटी दिशा. नियम सोपा आहे: बेअरिंग १८० अंशांपेक्षा कमी असेल तर १८० मिळवा, जास्त असेल तर १८० वजा करा. समजा, शिक्षकाने विचारले, बेअरिंग २३० अंश, तर बॅक बेअरिंग किती? बऱ्याच मुलांनी ५० लिहिले. एकाने लिहिले ४१०. त्यावर लाल फुली पडते, आणि शिक्षकाने त्या दिवशी काही लिहिलेच तर ते असे असेल: ‘काही कॅडेटना नियम समजला नाही. सराव द्यावा.’

आता त्याऐवजी वहीत एवढेच आहे असे धरा: ‘२३० चे बॅक बेअरिंग एका कॅडेटने ४१० लिहिले. बाकी बेरीज-वजाबाकी बरोबर. १८० पेक्षा लहान बेअरिंगची तिन्ही उत्तरे बरोबर.’ यात मत नाही, शेरा नाही. संध्याकाळी हे वाचताना मात्र ४१० या आकड्याकडे नीट पाहावे लागते. ४१० मधून एक पूर्ण फेरी, म्हणजे ३६० वजा केले तर ५० उरतात! मुलाची दिशा बरोबर होती. तो एक वळसा जास्त फिरला होता. त्याला ‘१८० मिळवा’ हे पाठ होते, पण वर्तुळ ३६० ला संपून पुन्हा शून्यापासून सुरू होते, हे त्याच्या डोळ्यांपुढे नव्हते. अशा मुलाला आणखी दहा गणिते देऊन भागणार नाही. त्याला मैदानावर उभे करावे, हातात होकायंत्र द्यावे आणि स्वतःभोवती फिरायला सांगावे. आणि ज्यांनी ५० लिहिले, त्यांच्यापैकी किती जणांना वर्तुळ दिसले होते आणि किती जणांनी नियम घोकला होता? हा प्रश्न त्या एका चुकीच्या आकड्यामुळे सुचतो. ‘काही कॅडेटना समजले नाही’ या वाक्यातून तो कधीच सुचला नसता.

म्हणून वहीची पहिली शिस्त अशी की आधी घडले ते लिहावे, मुलाच्या शब्दांत आणि मुलाच्या आकड्यांत. त्यावरचे मत नंतर. काही शिक्षक डाव्या पानावर घटना लिहितात आणि उजवे पान कोरे ठेवतात. उजव्या पानावर दोन-चार दिवसांनी, डोके शांत असताना लिहितात. ही रीत मला फार सोयीची वाटते, कारण वर्गातून बाहेर पडल्या पडल्या आपल्याजवळ मत तयार असते आणि त्यात राग किंवा कौतुक जास्त असते.

मराठी घरांतून आलेल्या कॅडेटच्या बाबतीत ही शिस्त किती मोलाची ठरते, ते पाहा. कल्पना करा, सातवीतला एक नवा मुलगा हिंदीच्या तासाला भलत्याच ठिकाणी हसतो. वाक्य असते, ‘उसने बहुत चेष्टा की।’ शिक्षकाला हा वात्रटपणा वाटतो. रिपोर्टमध्ये ‘वर्गात गंभीर नसतो’ असा शेरा जातो आणि सोलापुरात वडील तो वाचून फोनवर मुलाला झापतात. शिक्षकाच्या वहीत जर ‘हसला, “चेष्टा” या शब्दावर; दुसऱ्यांदाही त्याच शब्दावर’ एवढे लिहिलेले असेल, तर कधी ना कधी तो मुलाला विचारील, आणि मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, हे त्याला कळेल. हिंदीत तोच शब्द प्रयत्नासाठी आहे. ‘शिक्षा’ शब्दाचेही तसेच. हिंदीत ते शिक्षण, आपल्याकडे तो दंड. ‘यहाँ अच्छी शिक्षा मिलती है’ हे स्वागताचे वाक्य ऐकून एखादा नवा मुलगा पहिल्याच दिवशी गप्प झाला तर नवल नको. कोणत्या शब्दाला मूल हसले, कोणत्या शब्दाला गप्प झाले, हे तिथल्या तिथे टिपले नाही तर दुसऱ्या दिवशी आठवत नाही. शेरा मात्र वर्षभर राहतो.

हा विचार जुना आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांनी १९१० मध्ये ‘हाऊ वी थिंक’ या पुस्तकात मांडले की खरा विचार अडचणीपासून, गोंधळापासून सुरू होतो. सगळे सुरळीत असेल तर माणूस विचार करायच्या भानगडीत पडत नाही. डोनाल्ड शॉन यांचे ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ १९८३ चे. शॉन यांनी काम करत असतानाचा विचार आणि काम झाल्यावरचा विचार असे दोन प्रकार सांगितले. शिक्षक-प्रशिक्षणात त्यांचे नाव सतत येते, पण त्या पुस्तकातला एक गाजलेला प्रसंग वास्तुकलेच्या स्टुडिओतला आहे: विद्यार्थिनीचा आराखडा अडला आहे आणि शिक्षक त्यावर पेन्सिल चालवत चालवत मोठ्याने विचार करतो आहे.

चंडीगडमध्ये राहणाऱ्याला हे वाचताना ल कॉर्ब्युझिए आठवणारच. खिशात मावतील अशा वह्या त्यांनी १९१४ पासून पन्नास वर्षे वापरल्या. त्यांतल्या ७३ वह्या पुढे चार खंडांत छापल्या गेल्या. १९५१ मध्ये ते या शहराच्या कामासाठी आले तेव्हाही वही बरोबर होती, आणि तिच्यात इमारतींच्या कल्पनांबरोबर इथले बैल आणि त्यांची शिंगेही आहेत. दिसले ते जागच्या जागी टिपायचे, अर्थ मागाहून लावायचा. एवढ्या मोठ्या माणसाने आठवणीवर भरवसा ठेवला नाही, तर आपण का ठेवावा?

आपल्याकडची परंपरा जरा निराळी आहे. गुजरातीत गिजुभाई बधेका यांनी ‘दिवास्वप्न’ लिहिले. ती कथा आहे, पण तिची घडण शिक्षकाच्या अनुभव-नोंदीसारखी आहे. चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतलेला शिक्षक पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि मुले असा गोंधळ घालतात की त्याला सुटी द्यावी लागते. दुसऱ्या दिवशी तो बेत बदलतो आणि गोष्ट सांगायला घेतो. पहिला दिवस फसला हे लपवलेले नाही, म्हणून दुसऱ्या दिवसाला अर्थ आहे. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक हे बालशिक्षण महाराष्ट्रात घेऊन आल्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ लिहिले. लीलाताई पाटील या अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. कोल्हापुरात १९८५ मध्ये त्यांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि वर्गातल्या अनुभवांवरून पुस्तके लिहिली. त्यांतल्या एकाचे नाव ‘शिक्षण देता-घेता’ आहे. शिक्षकांना शिकवणाऱ्या बाईंनी ‘घेता’ हा शब्द नावात घातला, हे मला फार आवडते. मराठी वाचणाऱ्या शिक्षकांनी या पुस्तकांपासून सुरुवात करावी. इंग्रजी पुस्तके नंतरही वाचता येतील.

सैनिकी शाळेत मात्र एक अडचण हटकून येते. इथे प्रत्येक रजिस्टर तपासले जाते. लॉगबुक, शेरेपुस्तक, स्टॉकबुक, सगळ्यांवर सही आणि तारीख. चिंतनवहीही शनिवारी सहीसाठी जाणार असेल तर काय होईल? दोन आठवड्यांत तिच्यात ‘पाठ समाधानकारक’ येऊ लागेल. यात शिक्षकाचा दोष नाही. ज्या कागदावरून आपली किंमत ठरणार, त्यावर कुणीही जपूनच लिहितो. तेव्हा मुख्याध्यापकांना आणि प्रशिक्षण पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना सुचवणे एवढेच की ही वही मागू नये. वही ठेवली का, असेही विचारू नये. त्याऐवजी महिन्यातून एकदा विषयशिक्षकांना अर्धा तास एकत्र बसवावे आणि प्रत्येकाने आपल्या वहीतली स्वतः निवडलेली एकच नोंद वाचावी.

सैन्याला ही रीत परकी नाही. १९७० च्या दशकात अमेरिकन लष्कराने सरावानंतरच्या चर्चेची पद्धत बसवली. काय व्हायचे होते, काय झाले, का झाले, पुढे काय करायचे, हे चार प्रश्न, आणि बोलताना हुद्दा बाजूला. तिथे शिपाईही सांगू शकतो की आदेश उशिरा पोचला. हुद्दा बाजूला ठेवता येत नसेल तर ती चर्चा न घेतलेली बरी.

दुसरी काळजी मुलांच्या नावांची. वही हरवते, टेबलावर उघडी राहते. म्हणून नाव किंवा रोल नंबर न लिहिता आपल्यालाच कळेल अशी खूण करावी. घरची माहिती, आजारपण, मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिच्यात नकोच. मुलाला धोका आहे असे काही कळले तर ते वहीत लिहून ठेवण्याचे काम नाही, त्याच वेळी वरिष्ठांना सांगण्याचे आहे.

वेळेचे काय, हा प्रश्न रास्त आहे. हाऊस ड्यूटी, पीटी, संध्याकाळची प्रेप, रोल कॉल, यांतून वेळ कुठला? म्हणून रोज सगळ्या तासांचे लिहूच नये. दिवसाला एक तास, चार ओळी, पुढच्या घंटेआधी. ज्या दिवशी अडले असे काही झाले नाही, त्या दिवशी पान कोरे गेले तरी चालेल. पण आठवड्यातून एकदा मागची पाने वाचायचीच. लिहून न वाचलेली वही ही नुसती हाताची मेहनत. एकाच मुलाची खूण पाच आठवड्यांत चारदा येते, किंवा एखाद्याची एकदाही येत नाही, हे वाचल्याशिवाय दिसत नाही. ज्याची खूण एकदाही आली नाही, तो बहुधा त्रास न देणारा, मधल्या बाकावरचा मुलगा असतो. पुढच्या सोमवारी त्याला एक प्रश्न विचारावा.

पालकांनी या कामी मदत करावी. मूल सुटीत घरी आले की ‘किती मार्क मिळाले’ याबरोबरच ‘कुठला धडा कुठे अडला’ हेही विचारावे, आणि पत्रात शिक्षकांना तेवढे एक वाक्य कळवावे. ‘आमच्या मुलाकडे लक्ष द्या’ यापेक्षा ‘तो हिंदी प्रश्न आधी मराठीत आणतो, मग उत्तर शोधतो, म्हणून त्याला उशीर होतो’ हे वाक्य शिक्षकाच्या जास्त उपयोगी पडेल. आणि कॅडेट मित्रांनो, सर तास संपल्यावर दाराशी थांबून काही खरडताना दिसले तर आपली तक्रार लिहिली जात आहे असे समजू नका. कदाचित तुमचे ४१० लिहिले जात असेल.

शेवटी बदलीचा प्रश्न. सैन्यातून आलेले इन्स्ट्रक्टर ठरावीक मुदतीनंतर दुसरीकडे जातात. जाताना हँडिंग-टेकिंग होते, नकाशे मोजून दिले जातात, होकायंत्रे मोजून दिली जातात, एक कमी असले तर कागद होतात. वर्गाबद्दल जमवलेले ज्ञान मात्र त्यांच्याबरोबर रेल्वेत बसते. जाण्याआधी आपल्या वहीतून एक पान नव्या इन्स्ट्रक्टरसाठी उतरवून द्यावे, नावे गाळून, फक्त धड्यांविषयी: बॅक बेअरिंग शिकवताना आधी मैदानावर वर्तुळ आखा, आकडे दुसऱ्या तासाला.