कॅम्पसच्या नेटवर्कला कॉम्प्युटर जोडला जात नाही? आधी त्याचा पत्ता वाचा



कॉलेजच्या आवारात झेरॉक्स-बाइंडिंगचं दुकान टाकायचं, असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणतात. मग हा धडा तुमच्यासाठीच आहे.

माझ्या बॅचमधल्या एका ताईंचं असंच दुकान आहे. ऐन प्रोजेक्ट सबमिशनच्या आठवड्यात कॉम्प्युटर कॅम्पसच्या नेटवर्कला जोडला जाईना. फाइली मेलवर पाठवून पोरं दारात उभी. ताईंनी घाईघाईत बाहेरचा माणूस बोलावला. त्याने ८०० रुपये घेतले आणि मशीन फॉरमॅट करून दिलं. त्यात उधारीची एक्सेल फाइल गेली. आणि नेट? ते आलंच नाही!

खरं कारण काय होतं? आठवड्यापूर्वी लॅन कार्ड बदललं होतं. प्रत्येक कार्डाला स्वतःचा १२ अक्षरी-आकडी मॅक अ‍ॅड्रेस असतो. बऱ्याच कॅम्पसमध्ये तो नोंदवलेला असेल तरच सर्व्हर आत घेतो. नवं कार्ड म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने अनोळखी पाहुणा. वायफायवर असाल तर विंडोजमधलं रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसचं बटणही बघा. ते चालू असेल तर हाच घोळ होतो.

म्हणून कोणालाही पैसे देण्याआधी स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, काळी खिडकी उघडली की आयपीकॉन्फिग लिहून एंटर मारा. आयपीव्ही४ची ओळ वाचा.

१६९.२५४ ने सुरू होतंय? म्हणजे नेटवर्ककडून पत्ताच मिळाला नाही, कॉम्प्युटरने स्वतःच एक धरलाय. केबल हलवून बघा, भिंतीतलं दुसरं सॉकेट बघा, मग नोंदणीची चौकशी करा.

पत्ता शेजारच्या चालू मशीनपेक्षा अगदीच वेगळा दिसतोय? मशीन घरून आणलं असेल तर घरचा पत्ता हाताने भरलेला राहिलेला असतो. सेटिंगमध्ये तो ऑटोमॅटिक करा.

पत्ता ठीक आहे, तरी साइट उघडत नाही? बहुतेक वेळा लॉगिनचं पान अडलेलं असतं. कॉम्प्युटरची तारीख-वेळ तपासा. ती चुकली की ब्राउझर सुरक्षित साइटवर विश्वासच ठेवत नाही. जुन्या मशीनमध्ये मदरबोर्डवरचा बटणसेल संपला की तारीख मागे जाते.

एक गोष्ट मात्र करू नका. घरचा राउटर आणून त्याचं लॅन पोर्ट भिंतीतल्या सॉकेटला जोडू नका. तो आजूबाजूच्या मशीनना चुकीचे पत्ते वाटत सुटतो, ऑफिसचंसुद्धा नेट बंद पडू शकतं. तुमचं सॉकेट बंद होईलच, वर दुकानाच्या कराराचा प्रश्न उभा राहील तो वेगळाच.

नेटवर्कवाल्यांकडे जाताना चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून न्या: आयपी पत्ता, सॉकेटवरचा नंबर आणि फिजिकल अ‍ॅड्रेस. फिजिकल अ‍ॅड्रेस आयपीकॉन्फिगपुढे जागा सोडून स्लॅश ऑल लिहिलं की दिसतो. ताईंचं काम त्या चिठ्ठीवर दहा मिनिटांत झालं. उधारी मात्र अजून आठवून आठवून लिहिताहेत.