मार्सेलिसचा किनारा : सहा किलोमीटरचा एक धडा



आठवीच्या वर्गात मी सावरकरांच्या उडीचा प्रसंग रंगवून सांगत होतो. ८ जुलै १९१०, मार्सेलिसचं बंदर, खवळलेला समुद्र, डोंगराएवढ्या लाटा... मुलं श्वास रोखून ऐकत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. घरी मासेमारी. म्हणाली, "सर, जुलैत तर आमची होडी वर ओढून ठेवलेली असते, समुद्रात कोणीच जात नाही. मग ते पोहले कसे? आणि तेव्हा भरती होती का सुकती?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. तिचा प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या लाटा पुस्तकात नव्हत्याच. त्या मी माझ्या पदरच्या घातल्या होत्या, गेली कित्येक वर्षं.

त्या आठवड्यात आम्ही भूगोलाचे दोन तास घेतले आणि नकाशावर मार्सेलिसचा किनारा बोटाने 'चाललो'. आज तीच वाट तुमच्यासमोर ठेवतो आहे. ती वर्गात नकाशावर चालता येते. ज्या पालकांचा कधी युरोपला जाण्याचा योग येईल, त्यांना मुलांना घेऊन खरोखरच पायी जाता येईल. वाट सोपी आहे. एकूण अंतर साधारण पाच-सहा किलोमीटर, बहुतेक सगळा फरसबंदीचा रस्ता, चढ थोडाच. मध्ये थांबत-बसत गेलं तर अर्धा दिवस पुरतो.

निघण्यापूर्वी : हा समुद्र आपल्यासारखा नाही

मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर भूगोलात आहे. आपल्याकडे पाऊस उन्हाळ्यानंतर येतो, जून ते सप्टेंबर. भूमध्य सागरी हवामानात नेमकं उलट असतं. तिथे उन्हाळा कोरडा आणि पाऊस मुख्यतः थंडीच्या महिन्यांत. म्हणजे मुंबईत धो-धो पाऊस पडत असतो तेव्हा मार्सेलिसला स्वच्छ ऊन असतं. तिथला समुद्र खवळतच नाही असं मात्र समजू नका. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून 'मिस्ट्रल' नावाचा कोरडा, थंड वारा सुटला की किनाऱ्यावर टोपी डोक्यावर राहत नाही. त्या दिवशी फिरायला न गेलेलंच बरं.

भरती-ओहोटीचं उत्तर तर मुलांना फारच आवडलं. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. मार्सेलिसला हा फरक जेमतेम वीतभर! भूमध्य समुद्र चारही बाजूंनी जमिनीने वेढलेला आहे. अटलांटिकशी त्याचं दार म्हणजे जिब्राल्टरची सामुद्रधुनी, तीही सर्वांत अरुंद जागी फक्त १४ किलोमीटर रुंद. महासागराची भरती त्या दारातून फारशी आत येऊ शकत नाही. म्हणून तिथे धक्क्याच्या दगडाला लागून घरं, दुकानं, उपाहारगृहं बांधता येतात. आपल्या खाडीकाठी असं कोणी बांधलं तर काय होईल, हे मुलांनाच विचारा.

पहिला थांबा : जुनं बंदर

सुरुवात करायची ती 'व्यू पोर' म्हणजे जुन्या बंदरापासून. नकाशात पाहिलं तर जमिनीत घुसलेली एक चिंचोळी खाडी, तोंड पश्चिमेला. आतल्या टोकाला सकाळी मासळीचा छोटा बाजार भरतो. ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधल्या फोकाया नगरातून आलेल्या ग्रीक लोकांनी इथे वसाहत केली. तिचं नाव मासालिया. फ्रेंच लोक आज त्याचा उच्चार 'मार्सेय' असा करतात.

बंदराच्या मागे दोन-तीन मिनिटांवर एक बाग आहे आणि बागेत दगडी भिंतींचे अवशेष. १९६७ मध्ये बाजारसंकुल बांधण्यासाठी खोदकाम चाललं होतं, तेव्हा प्राचीन बंदराचा धक्का आणि तटबंदी सापडली. १९७४ मध्ये तिथेच रोमन काळातलं एक व्यापारी जहाज गाळात मिळालं. ते आता शेजारच्या इतिहास-संग्रहालयात आहे. इथे मुलांना एकच प्रश्न विचारावा : धक्का इथे, मग पाणी तिकडे कसं? खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर मागे सरकलं. आपल्याकडच्या अनेक जुन्या बंदरांची कथा हीच आहे.

दुसरा थांबा : उत्तरेचा काठ आणि किल्ला

आता पाणी डाव्या हाताला ठेवून चालायला लागा. सतराव्या शतकातली नगरपालिकेची सुंदर इमारत लागते. तिच्या आजूबाजूची घरं मात्र बरीच नवी दिसतात. याचं कारण दुःखद आहे. जानेवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्याने फ्रेंच पोलिसांच्या मदतीने या वस्तीतले सुमारे वीस हजार लोक घराबाहेर काढले, आणि फेब्रुवारीत वस्ती सुरुंगाने उडवून दिली. जुन्या इमारतींमध्ये नवी घरं का, एवढं विचारलं तरी दुसऱ्या महायुद्धाचा धडा तिथे उभा राहतो.

पुढे बंदराच्या तोंडाशी सें-जाँचा किल्ला आणि समोरच्या काठावर सें-निकोलाचा. चौदाव्या लुईने बंडखोर मार्सेलिसला वचक बसावा म्हणून १६६० पासून इथे बांधकाम केलं. आपल्याकडे त्याच वर्षी पन्हाळ्याला वेढा पडला होता, ही तारीख मुलांना सांगा म्हणजे काळ जुळतो. किल्ला पाहताना मुलांना विचारा, "तोफा कुणावर रोखलेल्या असतील?" सगळी म्हणतील, समुद्रातून येणाऱ्या शत्रूवर. पण इथल्या तोफा शहरावरही रोखता येत होत्या. किल्ला रक्षणासाठी की धाकासाठी, यावर पंधरा मिनिटं सहज चर्चा होते.

याच बंदरात १७२० मध्ये पूर्वेकडून एक जहाज प्लेग घेऊन आलं. जहाज विलगीकरणात ठेवायचा नियम होता, पण व्यापाऱ्यांना कापड वेळेवर बाजारात हवं होतं. माल लवकर बाहेर आला. सुमारे नव्वद हजार वस्तीच्या शहरातले जवळपास निम्मे लोक दगावले. ज्या मुलांनी करोनाचे दिवस पाहिले आहेत, त्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

किल्ल्यापासून शंभर मीटरपेक्षा लांब एक पादचारी पूल थेट समुद्रकाठच्या संग्रहालयाच्या गच्चीवर नेतो. युरोप आणि भूमध्य प्रदेशातल्या संस्कृतींचं हे संग्रहालय २०१३ मध्ये सुरू झालं. गच्चीवर बाकं आहेत. इथे बसून पाणी प्या, डबा काढा.

तिसरा थांबा : आपली तारीख

इथून थोडं उत्तरेला चालत गेलात की पट्ट्यापट्ट्यांच्या दगडाचं मोठं कॅथेड्रल लागतं. त्याच्या पुढे पाहा. दूरवर धक्के, क्रेन, आगबोटी. हे नवं बंदर. आगबोटी मोठ्या झाल्या आणि जुन्या खाडीत मावेनाशा झाल्या, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ते बांधलं गेलं. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबईहून विलायतेला जाणाऱ्यांसाठी मार्सेलिस हे युरोपचं दार बनलं. बरेच प्रवासी इथे उतरून आगगाडीने पुढे जात. सप्टेंबर १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धासाठी आलेले भारतीय सैनिक इथेच उतरले. ११ सप्टेंबर १९३१ रोजी गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजीही इथे उतरले.

आणि १९१० च्या जुलैत 'मोरिया' बोट याच नव्या बंदरात थांबली होती. आता मुलीच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. बोट भर समुद्रात नव्हती. बंदराच्या आत, लांब बंधाऱ्याच्या आडोशाला होती. किनारा जवळ होता. सावरकर शौचालयाच्या गोल खिडकीतून बाहेर पडले, पोहून धक्क्याला लागले आणि धावत सुटले. एका फ्रेंच सागरी शिपायाने त्यांना पकडलं, बोटीवरून आलेल्या तिघांनी त्याला मदत केली, आणि त्यांना परत बोटीवर नेण्यात आलं.

म्हणजे मैलोन् मैल पोहणं नाही, डोंगराएवढ्या लाटा नाहीत. हे सांगताना माझी मलाच थोडी भीती वाटत होती. मुलांचा हिरमोड झाला तर? पण झालं वेगळंच. एकाने विचारलं, "मग सर, किनाऱ्याला लागले होते ना? फ्रान्समध्ये पोचले होते ना? इंग्रजांनी परत कसं नेलं?" खरा इतिहास या प्रश्नापासून सुरू होतो. परक्या देशाच्या भूमीवरून माणसाला असं उचलून नेता येतं का? फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यातला हा वाद हेगच्या लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ ला निर्णय आला : अटकेत आणि ताबा देण्यात अनियमितता झाली, पण म्हणून ब्रिटनवर सावरकरांना परत करण्याचं बंधन नाही. जगाच्या कायद्याच्या अभ्यासात हा खटला आजही येतो. मी मात्र लाटांच्या नादात हा भाग दोन ओळींत उरकत होतो.

चौथा थांबा : दक्षिणेचा काठ

परत नगरपालिकेपाशी या. तिथून छोटी होडी काही मिनिटांत पलीकडच्या काठावर सोडते, मुलांना ही गंमत चुकवू नये. दक्षिणेला पाचव्या शतकात स्थापन झालेला सें-व्हिक्टरचा मठ आहे. नंतर फारोचं उद्यान. तिथून दोन्ही किल्ले आणि बंदराचं तोंड एका नजरेत दिसतं. आतापर्यंत चाललेली वाट मुलांना इथून बोटाने दाखवायला सांगा.

पुढे कातालाँची छोटी पुळण लागते आणि 'कोर्निश' हा किनाऱ्याला धरून जाणारा रस्ता सुरू होतो. वाहनं बरीच असतात, पण समुद्राच्या बाजूला चांगला पदपथ आहे. डाव्या हाताला घरं, उजवीकडे निळं पाणी आणि पाण्यात शातो दीफ हा बेटावरचा किल्ला. सोळाव्या शतकात बांधला, पुढे तुरुंग झाला. अलेक्झांडर द्युमाच्या 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' या कादंबरीचा नायक इथेच कैदेत असतो. लोक आता त्या काल्पनिक कैद्याची खोली पाहायला जातात! खरं आणि रचलेलं यांची सरमिसळ फक्त माझ्याच वर्गात होते असं नाही.

वाटेत पुलाखाली व्हालों देझोफ नावाचं इवलंसं मासेमारी बंदर आहे. दोरखंड वळायला वापरल्या जाणाऱ्या गवतावरून त्याला हे नाव पडलं. जिना उतरून खाली जाता येतं.

शेवटचा थांबा : शून्य मीटर

कोर्निशवर थोडं पुढे खडकावर एक साधी इमारत आहे. पर्यटक तिच्याकडे बघतही नाहीत. शिक्षकांनी मात्र इथे नक्की थांबावं. हे समुद्राची पातळी मोजणारं केंद्र. १८८५ ते १८९७ अशी बारा वर्षं इथे समुद्राची पातळी सतत नोंदवली आणि तिची सरासरी काढली. तीच फ्रान्सच्या मुख्य भूमीची 'शून्य उंची' ठरली. आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराची उंची मोजायची ती या खडकापासून.

आपण मुलांना पाठ करायला लावतो : कळसूबाई, समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर. पण समुद्र तर सारखा वर-खाली होतो, मग सपाटी कुठली? कोणीतरी एका ठिकाणी बसून वर्षानुवर्षं मोजली, तेव्हा ती मिळाली. भारतातही तसंच झालं. १९०९ मध्ये निश्चित केलेल्या आपल्या उंचीच्या जाळ्यासाठी नऊ बंदरांतल्या नोंदी धरल्या होत्या, त्यांत मुंबई आणि कारवारही होतं. आणि मार्सेलिसच्या नोंदी सांगतात की तेव्हापासून तिथला समुद्र पंधरा सेंटीमीटरहून अधिक चढला आहे. भरती-ओहोटी वीतभर असलेल्या समुद्रात हा आकडा लहान नव्हे.

वर्गात कसं घ्याल?

भिंतीवर किंवा मोबाइलवर मार्सेलिसचा नकाशा लावा. दोऱ्याने वाट मोजू द्या, प्रमाणावरून अंतर काढू द्या. प्रत्येक थांब्यावर एका गटाला एक प्रश्न द्या. शेवटी वहीत दोन रकाने आखा : 'नोंद असलेलं' आणि 'आपण घातलेलं'. उडीचा प्रसंग या दोन रकान्यांत मांडायला सांगा. घरी पालकांनाही आजोबांनी सांगितलेल्या एखाद्या गोष्टीवर हा खेळ करता येईल. आजोबांना राग येणार नाही अशी गोष्ट निवडा म्हणजे झालं!

माझ्या वर्गात दुसऱ्या रकान्यात पहिली नोंद झाली ती 'डोंगराएवढ्या लाटा' ही. लिहिणारी तीच, मागच्या बाकावरची. खाली कंसात तिने लिहिलं होतं : सरांच्या. मी त्यावर बरोबरची खूण केली.

तुम्ही वर्गात असा एखादा किनारा चाललात तर अनुभव जरूर कळवा.